टूकनची चोच आणि बशीतला चहा

टूकन हा पक्षी तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रात पाहिलेला असेल. काळे अंग, पांढरा गळा आणि पुढे भलीमोठी नारिंगी चोच. चोच एवढी मोठी, की चोचीलाच मागून पक्षी जोडला आहे असे वाटावे! हा झाला टोको टूकन, दक्षिण अमेरिकेतला, सगळ्या टूकनांत थोरला. पण आज ज्याची ओळख करून द्यायची आहे तो याचा डोंगरात राहणारा धाकटा चुलतभाऊ आहे. लहान टूकनांच्या काही जातींना टूकनेट म्हणतात. त्यांतलाच हा एक, निळ्या गळ्याचा टूकनेट.

नकाशात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी चिंचोळी पट्टी शोधा. तिच्यावर कोस्टारिका आणि पनामा हे दोन देश दिसतील. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आणि दोहोंच्या मधून गेलेली डोंगरांची रांग. या डोंगरांच्या वरच्या भागात, बहुतेक वेळ ढगांत बुडालेल्या रानांत, हा पक्षी राहतो. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीएवढी, आणि त्यात चोचही आली. वजन दीडदोनशे ग्रॅम. अंग पानासारखे हिरवेगार, गळा निळा, शेपटीखालची पिसे विटकरी. चोच काळी, तिच्या वरच्या कण्यावर पिवळा पट्टा आणि चोच जिथे डोक्याला मिळते तिथे एक बारीक पांढरी रेघ. (आपल्याकडचा नीलकंठ वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मेक्सिकोपासून दक्षिणेकडे डोंगराडोंगरांवर याचे भाऊबंद आहेत. कुणाचा गळा पांढरा, कुणाचा काळा. या सर्वांना एकच जात म्हणावे की निरनिराळ्या, यावर पक्षिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. आपण त्या भांडणात पडू नये हे बरे.

टूकन म्हटले की आपल्याकडे लगेच धनेशाची आठवण होते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या दाट रानात ज्यांनी धनेश पाहिला असेल त्यांना वाटेल, हा त्याचाच कुणीतरी अमेरिकेतला नातलग असणार. तसे नाही. टूकनचा खरा नातलग तुमच्या घराजवळच आहे. दुपारी वडापिंपळावर बसून तांब्याचे भांडे ठोकल्यासारखे 'टुक् टुक् टुक्' करणारा तांबट! तांबट, सुतार आणि टूकन हे पक्ष्यांच्या एकाच गणातले. तिघांच्याही पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. तिघेही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. धनेश आणि टूकन यांच्या चोचींतले साम्य मात्र दोघांनी दोन खंडांत स्वतंत्रपणे कमावलेले आहे. निसर्गात एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी सारखे उत्तर निघते ते असे.

चोच कशासाठी?

आता मुख्य प्रश्न. एवढी चोच कशाला हवी? सुगरण लहान चोचीने विणकाम करते, पोपट आखूड चोचीने कठीण कवच फोडतो. मग टूकनने हे ओझे का वागवावे?

अठराव्या शतकातला नामवंत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याला ही चोच अगदी बेढब वाटली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री बेट्सने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अधिक विचारपूर्वक उत्तर दिले. फळे लागतात ती बारीक डहाळ्यांच्या टोकाला. तिथे हा जड पक्षी बसू शकत नाही. मग जाड फांदीवर बसून लांब चोच पुढे करायची आणि फळ तोडायचे, आपण आकडीने आंबा काढतो तसे. डार्विनने १८७१ साली निराळाच तर्क केला. मोराच्या पिसाऱ्याप्रमाणे ही रंगीत चोच जोडीदाराला आकर्षित करण्यासाठी वाढली असावी, असे त्याला वाटले.

बेट्सचे म्हणणे खोटे नाही. टूकनेट चोचीच्या टोकाने फळ तोडतो, मान मागे टाकतो आणि फळ घशात उडवतो. फळांखेरीज किडे, सरडे आणि, सांगायला वाईट वाटते, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी व पिल्लेही तो खातो. पण पोहोच वाढवायला लांब चोच पुरे होती. ती इतकी जाड आणि इतक्या मोठ्या पृष्ठभागाची कशाला?

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पक्षी हा माझा विषय नव्हे. पण हे कोडे वाचले तेव्हा मला आठवली ती चहाची बशी.

चहा फार गरम असला की आपण तो बशीत ओततो. चहा तोच, पण आता तो पसरला. त्याचे घनफळ बदलले नाही, हवेला लागणारे क्षेत्रफळ मात्र कितीतरी वाढले. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून, म्हणून चहा लवकर निवतो. घरी करून पाहा. सारखेच कोमट पाणी एका पेल्यात आणि एका परातीत घ्या, दोहोंवर प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट बसवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. (कागद अशासाठी, की वाफ निघून गेल्याने होणारे निवणे हिशेबात येऊ नये.) परात पुढे जाईल. आता पक्ष्याचे गोल शरीर म्हणजे पेला समजा. त्याच्यावर पिसांची दुलई. आणि चोच? तिच्यावर पीस नाही, आकाराच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे. चोच म्हणजे पक्ष्याची बशी!

पक्ष्यांना घाम येत नाही. उन्हात कावळा चोच उघडी ठेवून धापा टाकताना तुम्ही पाहिला असेल. तो श्वासावाटे पाण्याची वाफ करून अंग थंड करीत असतो. पण त्यात पाणी खर्च होते. चोचीच्या पृष्ठभागातून उष्णता सोडायला पाण्याचा एक थेंबही लागत नाही.

तापमान पाहणारा कॅमेरा

तर्क छान, पण विज्ञानात तर्काला पुराव्याची जोड लागते. ती मिळाली २००९ साली. ग्लेन टॅटरसाल हे कॅनडातले शास्त्रज्ञ आणि त्यांचे ब्राझीलमधील सहकारी देनिस आंद्रादे व ऑगस्तो आबे यांनी टोको टूकनांवर प्रयोग केले. पक्ष्याला खोलीत ठेवायचे, खोलीची हवा हळूहळू थंड किंवा गरम करायची आणि अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याची चित्रे घ्यायची.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत एवढेच. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, दारात कपाळासमोर यंत्र धरून ताप पाहत असत ते आठवते ना? तेच तत्त्व. फरक इतकाच, की कॅमेरा एका बिंदूचे नव्हे तर साऱ्या पक्ष्याचे तापमान एकाच चित्रात दाखवतो. गरम भाग उजळ, थंड भाग काळसर.

चित्रे पाहण्यासारखी होती. हवा थंड असताना चोच काळसर, म्हणजे जवळजवळ हवेइतकीच थंड. डोळ्यांभोवती मात्र उजळ. हवा तापू लागली तशी चोच मुळापासून उजळत गेली. पक्षी थोडा वेळ उडाला की स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता काही मिनिटांत चोचीत येऊन पोचली. चोचीच्या वरच्या शिंगासारख्या थराखाली रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. पक्षी त्या वाहिन्या रुंद करतो तेव्हा गरम रक्त चोचीत खेळते. आकुंचित करतो तेव्हा ते अंगातच राहते. म्हणजे ही नुसती बशी नव्हे, तिला तोटीही आहे! मोटारीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरची कल्पना करा, तंतोतंत तेच काम. फार श्रमाच्या वेळी चोचीतून बाहेर पडणारी उष्णता, स्वस्थ बसलेल्या पक्ष्याच्या शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकते असा अंदाज या शास्त्रज्ञांनी बांधला. हत्तीचे कान हेच काम करतात. टूकनची चोच त्यांच्या तोडीची ठरली.

झोपताना काय होते तेही पाहण्यासारखे आहे. टूकन मान वळवून चोच पाठीवर ठेवतो, पिसांत खुपसतो. त्याच्या शेपटीच्या मुळाशी उखळीचा सांधा असतो, त्यामुळे शेपटी पुढे दुमडून डोक्यापर्यंत आणता येते. ती तो पांघरुणासारखी वर घेतो. राहतो तो फक्त पिसांचा एक गोळा. बशी झाकून ठेवली!

तुम्ही विचाराल, एवढी चोच डोक्यावर वागवताना मान कशी अवघडत नाही? टोको टूकनची चोच लांबीने साऱ्या पक्ष्याच्या एक तृतीयांश, पण वजनाने फक्त एक विसांश असते. सहाशे ग्रॅमच्या पक्ष्याची चोच तीस ग्रॅमची, कोंबडीच्या अर्ध्या अंड्याएवढी. कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कापून पाहिली व २००५ साली तिची रचना प्रसिद्ध केली. बाहेर केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीच्या पदार्थाच्या, एकमेकींवर चढलेल्या सूक्ष्म खपल्या. आत हाडाच्या बारीक काड्यांचा आणि पातळ पडद्यांचा फेस. अगदी मध्ये पोकळी. वाकवण्याचा ताण सर्वांत अधिक पडतो तो वस्तूच्या बाहेरच्या थरांवर. मधल्या भागावर जवळजवळ नाहीच. म्हणून मजबुती बाहेर ठेवावी आणि मधला भाग हलका करावा. बांबू पोकळ असतो, सायकलचा सांगाडा नळ्यांचा असतो, खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, तो याच कारणाने. फेसामुळे बाहेरची पातळ भिंत आत दबून चुरगळत नाही, एवढे काम त्याच्याकडे.

डोंगरावर गणित बदलते

आता आपल्या हिरव्या टूकनेटकडे परत येऊ. टोको टूकन उष्ण, मोकळ्या रानात राहतो. टूकनेट राहतो ढगांत. त्याला रेडिएटर कशाला?

प्रथम ढग कुठून आले ते पाहू. कॅरिबियन समुद्रावरून दमट वारा येतो आणि डोंगराला अडून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते. प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून देते आणि थंड होते. एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. जुलैत महाबळेश्वरला गेला असाल तर हा अनुभव तुम्ही घेतला आहे. आपल्याला धुके वाटते तो खरे म्हणजे डोंगराला टेकलेला ढगच असतो. या रानांत झाडांच्या फांद्या शेवाळे, नेचे आणि आमरी यांनी झाकून गेलेल्या असतात.

सरासरीने दर किलोमीटर उंचीला तापमान साडेसहा अंश उतरते. किनाऱ्यावर २८ अंश सेल्सिअस असेल तेव्हा १,८०० मीटर उंचीवर सुमारे १६. पक्ष्याचे शरीर ४० अंशांच्या आसपास असते. वस्तू किती वेगाने निवते ते तिच्या आणि हवेच्या तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते, हा न्यूटनचा नियम तुम्ही शिकला असाल किंवा पुढे शिकाल. किनाऱ्यावर फरक १२ अंशांचा, डोंगरावर २४ अंशांचा. बरोबर दुप्पट! म्हणजे खाली जेवढे काम मोठी चोच करील, तेवढे वर तिच्या निम्म्या क्षेत्रफळाची चोच करील. आणि मोठी चोच वर ठेवली तर तोटाच. तोटी कितीही आवळली तरी चोचीतल्या जिवंत पेशींना थोडेतरी रक्त पुरवावेच लागते, आणि त्या रक्ताबरोबर उष्णता गळत राहते.

या विचाराला एक जुना आधार आहे. थंड प्रदेशांतल्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे कान, पाय, शेपट्या आखूड असतात, असा नियम जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ साली मांडला. चोचींना तो लागू पडतो का? मॅथ्यू सायमंड्स आणि टॅटरसाल यांनी २१४ जातींच्या पक्ष्यांच्या चोचींची मापे, ते राहतात तिथल्या तापमानाशी ताडून पाहिली. पेंग्विन, कुरव, ऑस्ट्रेलियातले पोपट, आफ्रिकेतले तांबट आणि अर्थात टूकन. २०१० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. थंड हवेतल्या जातींच्या चोची शरीराच्या मानाने आखूड निघाल्या. टूकनेटची चोच टोकोच्या मानाने बेताची का, त्याचे निदान अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे बहुधा बेट्सच्या फळांत असेल. एका अवयवाने एकच काम करावे असा नियम निसर्गात नाही.

डार्विनच्या तर्काचे काय? या टूकनेटचे नर आणि मादी रंगाने सारखेच दिसतात, नराची चोच थोडी लांब एवढेच. त्यामुळे मोराचा दाखला इथे सरळ लागू पडत नाही. पण तो साफ चुकला असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.

या पक्ष्याच्या घरसंसाराची पहिली तपशीलवार माहिती अलेक्झांडर स्कच यांनी १९४४ साली लिहिली. स्कच मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पक्ष्यांच्या नादाने ते कोस्टारिकात गेले आणि तिथेच स्थायिक झाले. २००४ साली, वयाची शंभर वर्षे पुरी व्हायला थोडे दिवस उरले असताना, ते वारले. घरट्यासमोर तासन् तास बसून वहीत टिपणे करणे, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. टूकनेट बहुधा सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली घेतो. अंडी तीन किंवा चार, पांढरी. आईबाप दोघेही आळीपाळीने उबवतात. सोळा दिवसांनी पिल्ले निघतात ती आंधळी आणि उघडी. अंगावर पीस नसते. ढोलीच्या खडबडीत तळावर घासून टाच सोलू नये म्हणून टाचेला जाड गादी मात्र असते. अशा थंड रानात उघड्या पिल्लांना ऊब देणे सोपे नाही. ढोली सोडून उडायला त्यांना सहा आठवडे लागतात.

रानालाही या पक्ष्याचा उपयोग आहे. आपल्या दालचिनीच्या आणि तमालपत्राच्या कुळातली पुष्कळ झाडे त्या डोंगरांवर वाढतात. त्यांच्या फळात एकच मोठी बी असते. लहान पक्ष्यांच्या घशात ती जात नाही. टूकनेट फळ सबंध गिळतो, गर पचवतो आणि बी दूर कुठेतरी तोंडावाटे टाकून देतो. झाडाला चालता येत नाही. त्याच्या बिया असा कुणीतरी नेतो.

खालचे पाहुणे

कोस्टारिकात माँतेव्हेर्दे नावाचे ढगांचे रान आहे. १९७२ सालापासून ते राखीव आहे. तिथे काम करणाऱ्या ॲलन पाउंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक गोष्ट दाखवून दिली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून कोरड्या ऋतूत धुके नसलेले दिवस वाढत चालले होते. समुद्र व हवा तापल्यामुळे ढग अधिक उंचीवर तयार होऊ लागले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास खालच्या उष्ण उतारांवरचे पक्षी वर दिसू लागले. त्यांत एक होता मोठ्या, सप्तरंगी चोचीचा सखल प्रदेशातला टूकन. आता तो डोंगरावर घरटीही करतो. दोन अंश अधिक उष्ण हवेत त्याच्या मोठ्या चोचीचे काही बिघडत नाही.

आपला टूकनेट काय करील? साडेसहा अंशांना एक किलोमीटर, म्हणजे हवा एक अंश तापली तर आपल्या सवयीचे तापमान मिळवायला त्याला सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागेल. हे ऐकायला फारसे वाटत नाही. पण डोंगर शंकूसारखा असतो. कागदाचा शंकू करा आणि निम्म्या उंचीवर त्याच्याभोवती रेघ काढा. रेघेच्या वरचा कागद साऱ्या कागदाच्या निम्मा नाही, फक्त एक चतुर्थांश भरतो. दोन तृतीयांश उंचीवर रेघ काढलीत तर वर उरतो एक नवमांश. प्रत्येक पायरी चढताना रान आधीपेक्षा लहान मिळते.

कोस्टारिकाचे सर्वांत उंच शिखर चिरिपो, ३,८२० मीटर. पण साधारण ३,३०० मीटरच्या वर तिथे रान संपते आणि गवत व खुरटी झुडपे सुरू होतात. तिथे फळे देणारी मोठी झाडे नाहीत, आणि सुतार पक्ष्याने ढोली कोरावी असे खोडही नाही.